बांध

नांगरटीच्या दिवसांत माणसाचं खरं मन बांधावर दिसतं. चर्चमध्ये सगळेच सरळ उभे राहतात. बांधाजवळ नांगर आला, की हात जरासा वळतो.

माझाही वळत होता. शेजारी तात्यांचं रान, मधे पाचशे फूट बांध. दर साली एखादं तास मी त्यांच्या अंगाला जास्त धरायचो. बारा वर्षांत बांध दोन फूट सरकला. म्हणजे गुंठ्याला थोडी कमी जमीन. एवढ्यात वर्षाला अर्धी गोणी बाजरीही होत नाही. पण हाताला चटक लागली होती.

आमचं घर नगर जिल्ह्यातलं. 1831 साली इथं अमेरिकन मिशन आलं, त्यानंतर कधीतरी आमचे वाडवडील ख्रिस्ती झाले. दर रविवारी नारायण वामन टिळकांची पदं म्हणायची आणि सगळ्यांबरोबर पापांची क्षमा मागायची, हे लहानपणापासूनचं. "मी पापी आहे" म्हणायला काही लागत नाही. "मी तात्यांचा बांध कोरला" म्हणायला जीभ उचलत नाही.

उपवासकाळातल्या एका रविवारी पाळकसाहेबांनी लूकच्या तेराव्या अध्यायातला अंजिराच्या झाडाचा दाखला घेतला. त्याच्या आधी शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट येते. बुरूज पडून अठरा माणसं मेली. आपल्याकडंही कुणावर वीज पडली, की लोक म्हणतात, केलं असंल काहीतरी. येशू म्हणाला, ती माणसं इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती. तुम्ही आपलं बघा, मागं फिरा. मग झाडाची गोष्ट. तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक म्हणतो, तोडून टाक. माळी म्हणतो, एवढं साल राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो.

हे शेतकऱ्याला लगेच कळतं. आमची एक लिंबोणी अशीच वांझ होती. वडलांनी कुऱ्हाड ठेवली, आळं केलं, दोन पाट्या शेणखत घातलं. पण खणताना मुळ्या दुखावतातच. देवाची दया अशीच असावी, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. ती नुसतं थांबत नाही, भोवती खणतेही.

मला नेहमी प्रश्न पडायचा. देव दयाळू आहे, तर पश्चात्ताप कशाला? आणि पश्चात्ताप केल्यावरच माफी, तर ती दया कसली, तो तर व्यवहार झाला. जक्कयाच्या गोष्टीत उत्तर सापडलं. तो जकातदार, लोकांना लुबाडणारा. येशू त्याला आधी म्हणाला, आज तुझ्या घरी उतरतो. एवढा मान मिळाल्यावर जक्कय उठला आणि म्हणाला, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो. म्हणजे दया आधी आली, पश्चात्ताप मागून. पण आला तो हिशेब घेऊन आला. नुसती रडारड नव्हती. बांध सरकवू नये, हे तर मोशेच्या नियमशास्त्रातच लिहिलंय. आता मी कुठल्या तोंडानं देवाकडं माफी मागणार? जमीन तात्यांची होती.

तीन दिवस झोप नाही. चौथ्या दिवशी तात्यांच्या वस्तीवर गेलो. ते वयानं मोठे, गळ्यात माळ. म्हटलं, "तात्या, मी तुमचा बांध कोरलाय."

ते दावं वळत होते. मान वर न करता म्हणाले, "ठावं हाय मला. दर साली बघत हुतो. म्हणलं, आज ना उद्या यील ह्यो सवताहून."

"चुकलो तात्या. माफ करा."

"माफ कवाच केलंय. पर बांध मागं घे. न्हाई तर तुलाच सुख लागायचं न्हाई."

पुढच्या दिवशी मोजणीचा जुना दगड शोधला, दोरी धरली, बांध जागेवर घेतला. चौपट द्यायची माझी ऐपत नव्हती. एक गोणी बाजरी नेली. तात्यांनी पायलीभर ठेवून घेतली, बाकीची परत पाठवली.

दाखल्यातल्या झाडाला पुढं फळ आलं का, हे येशूनं सांगितलंच नाही. तेवढं झाडावर सोडलंय. तात्या आता नाहीत. नांगरटीला त्या कडेला आलो, की अजून हात वळू बघतो. मग मी ट्रॅक्टर थांबवतो, खाली उतरतो आणि दगड बघून येतो.