पुलावरून परतलेला साक्षी

साक्षी या शब्दाला आपल्याकडे दोन घरे आहेत, एक उपनिषदांत आणि दुसरे कचेरीत. पहिल्या घरातला साक्षी म्हणजे एकाच वृक्षावरील दोन पक्ष्यांपैकी फळ न खाता नुसता पाहणारा पक्षी. त्याला कर्माचा लेप लागत नाही, आणि लागत नाही म्हणूनच त्याचे पाहणे निर्मळ, असे आपण मानीत आलो. कचेरीतल्या साक्षीदाराला मात्र हाकीम प्रथम एवढेच विचारतो, की तू जागेवर हजर होतास काय. आणि जो हजर होता त्याचे हात बहुधा कोरडे नसतात.

बल्गेरियाच्या झाहारी स्तोयानोव्हचे चरित्र वाचताना हा पेच मला नव्याने पडला. १८५० साली मेद्वेन या डोंगरी खेड्यात जन्मलेला हा मनुष्य आरंभी मेंढपाळ, मग रुसे शहरात शिंप्याच्या हाताखालचा उमेदवार, पुढे काही काळ रेल्वेचा चाकर. शाळेचे शिक्षण बेताचे, आणि तरीही बल्गेरियन उठावांच्या आठवणींचा त्याचा तीन खंडांचा ग्रंथ त्या भाषेतील गद्याचे भूषण ठरला. १८७६ च्या एप्रिलमध्ये उस्मानी अंमलाविरुद्ध बंड उभे राहिले तेव्हा तो बंडाचा एक नेता गेओर्गी बेन्कोव्स्की याच्या घोडेस्वार तुकडीत होता. थोड्याच आठवड्यांत बंड मोडले, बाशीबझूक या अनियमित उस्मानी फौजेच्या टोळ्यांनी बातकसारख्या गावांत कत्तल मांडली, आणि जी तुकडी गावोगाव आशा पेरीत फिरली होती तिच्यातली अखेर चार माणसे एकत्र उरली. तेतेवेनच्या डोंगरांत त्यांना वाट दाखवावयास एक म्हातारा मेंढपाळ भेटला, आणि त्याने त्यांना नेले ते दबा धरून बसलेल्या बंदुकांसमोर, एका अरुंद पुलावर. बेन्कोव्स्की तेथेच पडला. स्तोयानोव्ह निसटला, पुढे पकडला गेला, तुरुंग भोगून सुटला. मेंढ्यांच्या वाटा ज्याला बालपणापासून ठाऊक, तोच एका मेंढपाळाच्या मागून निमूट चालत गेला, हे मला राहून राहून विलक्षण वाटते.

बंडानंतर आठ वर्षांनी ग्रंथाचा पहिला खंड निघाला. मेलेल्या सोबत्यांना देवत्व देऊन आणि स्वतःला त्यांच्या तेजात उभे करून मोकळे होणे त्याला सहज शक्य होते. परंतु त्याने भूक लिहिली, भीती लिहिली, जीव वाचवण्याची आपली धडपड लिहिली, आणि ज्या बेन्कोव्स्कीवर त्याची अपार भक्ती त्याचा दर्प व निष्ठुरपणाही झाकला नाही. महाभारतात युद्ध सांगणाऱ्या संजयाला दिव्यदृष्टीबरोबरच, शस्त्र तुला शिवणार नाही, असा व्यासांचा वर मिळाला होता. स्तोयानोव्हला असा वर कोणी दिलेला नव्हता, आणि माझ्या मते त्याच्या जबानीचे वजन नेमके यातच आहे. कारण ज्या पाहणाऱ्याचे काहीच पणाला लागलेले नाही त्याला कत्तलीतला धूर दिसतो, पण तो नाकात गेल्यावर मनुष्य कोणत्या थराला जातो हे कळत नाही. फळ खाणारा पक्षीही पाहू शकतो. मात्र त्याने चव लपवता कामा नये.

मग तो राजकारणात शिरला. १८८५ च्या सप्टेंबरात प्लोव्दिव्ह येथे पूर्व रुमेलिया हा प्रांत बल्गेरियाच्या संस्थानाशी जोडण्याचा जो कट सिद्धीस गेला त्यामागच्या गुप्त समितीचा तो प्रमुख होता; पुढे राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष झाला, आणि १८८९ मध्ये पॅरिसला वारला. अवघे एकोणचाळीस वर्षांचे आयुष्य.

परंतु हाच साक्षीदार एके ठिकाणी न्यायासनावर जाऊन बसला. पूर्वी मठातला दीक्षित असलेला आणि व्रत सोडून क्रांतिकार्यात पडलेला वासिल लेव्स्की १८७३ साली सोफियात फासावर गेला. त्याला पकडून देण्याचा ठपका लोवेच गावच्या क्रस्त्यो नावाच्या पुरोहितावर होता, आणि स्तोयानोव्हने लिहिलेल्या लेव्स्कीच्या चरित्राने तो लोकमानसात पक्का रुजवला. मेंढपाळाचा दगा त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. पुरोहिताचा पाहिला नव्हता. पुढील काळातील कित्येक संशोधकांना त्या आरोपाचा पुरावा अपुरा वाटला आहे. चूक कोणाकडूनही होते. पण स्वतःच्या भीतीची इतकी प्रामाणिक नोंद ठेवणाऱ्या लेखणीला परक्या माणसाच्या भीतीविषयी, त्याच्या मौनाविषयी, त्याच्या निरपराधपणाच्या शक्यतेविषयी थोडेही थबकावेसे का वाटले नसेल? पुलावरून जो स्वतः जीव घेऊन परतला, त्याला न परतलेल्यांचे ऋण इतके जड झाले होते काय, की त्याच्या फेडीसाठी कोणीतरी गुन्हेगार सापडणे त्याला अपरिहार्य वाटावे? ते चरित्र प्रसिद्ध झाले तेव्हा पुरोहित हयात नव्हता, आणि त्याची जबानी घेणे आता शक्यच नव्हते.