जसं आहे, जिथं आहे

भिलाईच्या लाइट इंडस्ट्रियल एरियातलं एक बंद युनिट बँकेनं लिलावात काढलं. नोटिशीत नेहमीचं वाक्य होतं, 'जसं आहे, जिथं आहे'. खाली यादी: शेड, ऑफिसची खोली, पाच टनी क्रेन, दोन मोठी लेथ मशिनं, उच्चदाबाचं वीज कनेक्शन.

ही नोटीस दोघा भावांच्या हाती पडली. भाड्याच्या गाळ्यात ते कन्व्हेयरचे रोलर आणि पुली बनवत. काम भरपूर होतं, पण जागा पुरेना. तयार माल रस्त्यावर ठेवावा लागे आणि पावसाळ्यात त्यावर ताडपत्री ओढत बसावं लागे.

थोरला म्हणाला, घेऊन टाकू. नवं उभारायला जे लागेल त्याच्या निम्म्यात काम होतंय आणि तीन महिन्यांत मशिनं फिरतील. धाकट्याच्या डोक्यात बोरईच्या औद्योगिक क्षेत्रातला मोकळा प्लॉट होता. त्यानं नकाशासुद्धा काढून ठेवला होता. लोखंड एका दारानं आत येणार, रोलर दुसऱ्या दारानं बाहेर जाणार, मधे कुठं उलटा फेरा नाही. दुसऱ्याचं जुनं दुखणं कशाला विकत घ्यायचं, असं त्याचं म्हणणं.

आठवडाभर घरात हेच चाललं. शेवटी दोघं बाबांसमोर बसले. बाबा भिलाई स्टील प्लांटच्या रेल अँड स्ट्रक्चरल मिलमधून निवृत्त झालेले, मूळचे नागपूरचे. त्यांचे वडील एम्प्रेस मिलमध्ये मागावर होते, त्यामुळे जमशेटजी टाटांच्या गोष्टी घरात नात्यातल्या माणसाच्या असाव्यात तशा सांगितल्या जात.

"कुर्ल्याच्या गिरणीचं ठाऊक आहे का?" बाबांनी थोरल्याला विचारलं. "1886 साली धरमसी मिल जमशेटजींनी अशीच स्वस्तात घेतली. नाव ठेवलं स्वदेशी मिल. आत पाहतात तो यंत्रं झिजलेली. बँकांनी हात वर केले. शेवटी एम्प्रेसचे शेअर विकून पैसा उभा केला, नागपूरची माणसं तिकडं नेली, तरी गिरणी ताळ्यावर यायला काही वर्षं गेली."

जमशेटजी म्हणजे कोणी भोळं गिऱ्हाईक नव्हे. तेव्हा त्यांच्या गाठीशी दोन गिरण्यांचा अनुभव होता. स्वस्त भाव दिसला की अनुभवी माणसाचीही नजर जरा मऊ होते, एवढंच.

पण थोरलाही त्याच घरात वाढलेला. तो म्हणाला, "आणि चिंचपोकळीचं काय, बाबा? 1869 साली बुडालेली तेलगिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली आणि दोनेक वर्षांत नफ्यात विकली. तीही विकतचीच होती."

"होती ना. पण तेलाच्या घाण्यावर सूत निघत नाही. तिथं त्यांनी भिंती घेतल्या आणि आपली यंत्रं बसवली. कुर्ल्याला दुसऱ्याची यंत्रं गळ्यात पडली. तू नोटिशीतलं काय पाहून घेतोयस? भिंती का लेथ?"

थोरला गप्प झाला तसा धाकटा खुशीत आला. "म्हणूनच म्हणतो, एम्प्रेससारखं नवं बांधू."

"एम्प्रेसची गोष्ट पुरी ऐक. 1 जानेवारी 1877ला गिरणी सुरू झाली. इमारत नवी, पण सुरुवातीला यंत्रं हलक्या प्रतीची घेतली, ती बदलावी लागली. नवं बांधलं म्हणजे चुका होत नाहीत असं नाही रे. फक्त त्या आपल्या नावावर होतात."

"बरं, तुमचा प्लांट तरी? तोही कोऱ्या जमिनीवरच उभा राहिला की."

इथं बाबा सावरून बसले. प्लांटचा विषय निघाला की ते बसतातच. "2 फेब्रुवारी 1955ला सोव्हिएत सरकारशी करार झाला. 4 फेब्रुवारी 1959ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली भट्टी सुरू झाली. चार वर्षं नुसता खर्च, विक्री शून्य. कर्ज अडीच टक्क्यांनी, बारा वार्षिक हप्त्यांत फेडायचं. तुला कोणती बँक देते असं? आणि इथले रूळ रेल्वेच घेणार, हे सगळ्यांना माहीत होतं. गिऱ्हाईक एक, पण कारखाना त्याच सरकारचा आणि गिऱ्हाईकही त्याच सरकारचं. तुमचं तसं आहे का?"

शेवटचा प्रश्न दोघांनी ऐकून सोडून दिला. आपल्या कामाचा नाही असं वाटलं की आपण सगळेच सोडून देतो.

दुसऱ्या दिवशी ते बंद युनिट पाहायला गेले. चौकीदार जुना, चालू युनिटमध्ये हेल्परचं काम केलेला. त्यानं आधी कोपऱ्यातली भिंत दाखवली. गुडघाभर उंचीवर चिखलाची रेघ होती. "बरसात मा पानी भर जाथे, साहेब." क्रेन पाच टनी आणि गॅन्ट्रीचे कॉलम तेवढ्याच भाराचे. भावांची नवी पुली त्याहून जड. विजेची थकबाकी निघाली. लिलावात घेणाऱ्यानं ती गृहीत धरावी हे शहाणपणाचं, कारण नियमांत तरतूद असेल तर वीज कंपनी जुनी बाकी नव्या मालकाकडून मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 साली म्हटलं आहे. जमीन लीजची, म्हणजे हस्तांतराची परवानगी आणि तिची फी वेगळी.

धाकटा मनातून सुखावला होता. मग ऑफिसच्या खोलीत त्याला माल रवानगीचं रजिस्टर सापडलं. वेळ जावा म्हणून तो पानं उलटत बसला. तारखा बदलत होत्या, चलन नंबर बदलत होते, पण 'पाठवले' या रकान्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच नाव. चौकीदारानं सांगितलं की मालकानं ही शेड मोठ्या हौसेनं, स्वतः उभं राहून, नवी कोरी बांधून घेतली होती. मग त्या गिऱ्हाइकाकडून एका वर्षी ऑर्डर आली नाही आणि मागचं बिलही अडकलं. हप्ते थकले.

रजिस्टर थोरल्याच्या हातात देऊन धाकटा बाहेर येऊन उभा राहिला. दोघांच्या गाळ्यातलं रजिस्टर उघडलं असतं तर त्यातही एकच नाव होतं. तेच नव्हे, दुसरं. पण एकच.

त्या लिलावात त्यांनी बोली लावली नाही. बोरईचा अर्जही टाकला नाही. गाळ्यातच दुसरी पाळी सुरू केली, मागची भिंत पाडून घरमालकाकडून अंगण भाड्यानं घेतलं आणि थोरला बॅग घेऊन हिंडायला लागला. आधी उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहती, मग नागपूरकडं बुटीबोरी. पहिले काही महिने चहा पिऊन परत येणं झालं. मग एका स्पंज आयर्नवाल्यानं थोडे रोलर करून पाहायला सांगितले. भाव पडेल होता, तरी घेतला.

ते युनिट तसंच पडून होतं. बोली न आल्यानं बँकेनं राखीव किंमत उतरवून पुन्हा नोटीस काढली. थोरल्यानं ती बाबांपुढं ठेवली. बाबांनी किंमत पाहिली नाही.

"गिऱ्हाइकं किती झाली?"

"चार. मोठ्या गिऱ्हाइकाचं काम आता निम्म्यावर आलंय."

"मग पाहा तुम्ही."

या वेळी थकबाकी, परवानगीची फी आणि भरावाचा खर्च वजा घालून बोली लावली आणि ती लागली. लेथ भंगाराच्या भावात गेली. क्रेन उतरवली, कॉलमचे पाये फोडून खोल घेतले आणि वर दहा टनी बसवली. फरशी दोन फूट उचलली. धाकट्यानं बोरईसाठी काढलेला नकाशा बाहेर काढला, पण प्लॉट अरुंद असल्यानं दुसरं दार बसेना. उलटा फेरा एक राहिलाच.

कोणी विचारलं तर थोरला सांगतो, आम्ही तयार युनिट विकत घेतलं. धाकटा सांगतो, आम्ही बांधून काढलं. बँकेत कर्जं दोन आहेत, एक खरेदीचं आणि एक बांधकामाचं, आणि दोन्हींचा हप्ता सात तारखेला जातो.