वडकी नाल्याचा विसावा

हडपसरला तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्यानं पुढे गेली, माऊलींची सासवडकडे वळली, आणि मी आत्याच्या दिंडीत शिरले. पुणे ते सासवड हा माऊलींच्या वाटेवरचा सगळ्यात दमवणारा टप्पा. तीस किलोमीटर तर होतातच, वर दिवे घाट. शिवाय बहुतेक वर्षी एकादशीही नेमकी याच दिवशी येते. ज्या दिवशी पाय सर्वांत जास्त चालणार, त्याच दिवशी पोटाला सुट्टी. हा बेत कुणा डॉक्टरनं आखलेला नाही, एवढं नक्की.

दुपारी वडकी नाल्याला विसावा झाला. आत्यानं डोक्यावरचं तुळशीवृंदावन आधी माझ्या मांडीवर ठेवलं, मग ती टेकली. कपाळावर घाम, हात मात्र गार, आणि बोटं थरथरत होती. मी मशीन काढून बोटाला टोचलं. साखर 61.

"सकाळी गोळी घेतलीस?"

"घेतली की. तूच फोनवर बजावतेस, गोळी चुकवू नकोस म्हणून."

"आणि खाल्लंस काय?"

"अगं, एकादशी आहे आज."

ग्लुकोजचं पाणी पाजलं, केळं दिलं, राजगिऱ्याचा लाडू दिला. साखर उपवासाला चालते, त्यामुळे इथवर भांडण झालं नाही. भांडणाचं कारण समोर उभं होतं. घाटाच्या वळणावळणानं पताका वर चढत होत्या आणि पहिल्या पताका पार डोंगराच्या कडेला टेकल्या होत्या.

"आत्या, आपला पाण्याचा टँकर मागून येतोय. घाटापुरती ड्रायव्हरशेजारी बस."

"टँकरमधून घाट चढायचा, तर मग घरीच टीव्हीवर बघितला असता."

"आतोबा शेवटची तीन वर्षं एसटीनं पंढरपूरला गेले. तेव्हा तूच सगळ्यांना सांगायचीस, यांची वारी चुकली नाही."

"चुकली नव्हतीच. त्यांच्या गुडघ्यांनी नाही म्हटलं होतं. माझे पाय कुठे नाही म्हणतायत?"

"साखर म्हणतेय."

"तिला आत्ताच लाडू दिलास ना?"

मी दुसरीकडून गेले. "माऊलींच्या रथालासुद्धा घाटात जादा बैलजोड्या जुंपतात. त्यांना मदत चालते, तुला का नाही?"

"बैल चालतातच की. रथ काही टेम्पोत घालून वर नेत नाहीत."

यावर शेजारच्या दोघी हसल्या. मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. मग मी ठेवणीतलं काढलं.

"घाटात कोसळलीस तर? दिंडी थांबायची नाही, पण चार माणसं तुझ्यापायी मागे राहतील. त्यांच्या चालीचं काय?"

आत्या गप्प झाली. टाचेच्या भेगेत अडकलेला खडा नखानं काढत राहिली.

"हे खरं आहे," ती म्हणाली. "पण आता माझंही ऐक. घरात वर्षभर मी हेच ऐकते. आत्या, तू बस. आत्या, तू उचलू नकोस. मी बसते. बसले की तुम्हाला बरं वाटतं. हे वीस दिवसच असे असतात की कुणाला बरं वाटावं म्हणून मी बसत नाही."

मला ते लागलं, कारण त्यात तथ्य होतं. तिनं टँकरमध्ये बसावं असं मला वाटत होतं, त्यात तिची काळजी किती आणि माझा घोर किती, हे मी वेगळं काढू शकले नसते. तरीही ती म्हणाली म्हणून सगळं तिच्यावर सोडावं, हेही मला पटत नव्हतं. नेम एकट्याचा असतो, पण दिंडीत चालणारं शरीर एकट्याचं राहत नाही.

पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं. 94. मशीन आकडा सांगतं, चढायचं की नाही ते सांगत नाही.

"बघ," आत्या म्हणाली.

"बघितलं. आता माझी अट. प्रत्येक वळणाला कठड्यावर बसायचं, आणि बोट पुढे करायचं. सत्तरच्या खाली गेली तर टँकर. वाद नाही."

"नाही घालत वाद." मग तिनं पुढच्या ओळीतल्या एका बाईला हाक मारली. "माऊली, एवढी तुळस घे गं घाटापुरती."

"का गं आत्या?"

"मी पडले तर पडले. तुळस पडायला नको."

इतक्या वादात जे तिनं कबूल केलं नव्हतं, ते एवढ्यात करून टाकलं. आम्ही दिंडीच्या शेवटच्या ओळीत चालू लागलो. दुसऱ्या वळणावरून मस्तानी तलाव दिसला, तिथे 88. त्याच्या वरच्या वळणावर 79, तेव्हा तिनं न सांगता केळं सोललं. झेंडेवाडीला पोहोचल्यावर पायही न चोळता तिनं आधी तुळस परत मागून घेतली.

ती चालली हे बरोबर की चूक, यावर आमचं घरात आजही एकमत नाही. चूक माझी होती ती वेगळीच. तुमच्या घरातून कुणी वारीला निघत असेल आणि साखरेची गोळी घेत असेल, तर एकादशीच्या दिवशी त्या गोळीचं काय करायचं, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.