किल्ली कुणाच्या हातात?



नाताळ सरला की आपल्या धर्मग्रामात लग्नांचा हंगाम सुरू होतो. प्रायश्चित्तकाळ लागण्यापूर्वी प्रत्येक रविवारी एखाद्या तरी अंगणात मांडव उभा असतो. बॅण्ड वाजतो, पाहुणे जमतात, जुने मित्र भेटतात आणि ग्लास भरले जातात. आनंदाच्या प्रसंगी आनंद करावा, यात गैर काही नाही. आपल्या प्रभूने पहिला चमत्कार काना गावच्या लग्नात केला. द्राक्षारस संपला, तेव्हा यजमानाची लाज त्याने राखली. बेन सिरासारखा शहाणा माणूसही सांगतो, की बेताने घेतलेला द्राक्षारस मनाला उल्हास देतो आणि बेताबाहेर घेतला की तोच भांडणाचे व पडण्याचे कारण होतो. म्हणून आजचे हे चार शब्द दारूच्या थेंबाविषयी नाहीत. मांडवाच्या बाहेर उभ्या असलेल्या गाडीविषयी आणि तिच्या किल्लीविषयी आहेत.

आधी आमची स्वतःची कबुली देतो. मागच्या हंगामात एका लग्नाच्या रात्री आम्ही काहीजण मांडवाच्या तोंडाशी बोलत उभे होतो. एक तरुण बाहेर आला. त्याला मोटारसायकलचा स्टॅण्डही धड काढता येईना. दोनदा किल्ली खाली पडली. आजूबाजूचे हसले, आम्हीही हसलो. कुणीतरी किल्ली उचलून त्याच्या हातात दिली, दुसऱ्याने पाठीवर थाप मारून ‘सांभाळून जा रे’ म्हटले आणि तो गेला. तो सुखरूप घरी पोहोचला. पोहोचला म्हणून आम्ही ती गोष्ट विसरलो. देवाने त्याला राखले, त्यात आमचा वाटा काहीच नव्हता. त्या रात्री तो पोहोचला नसता, तर दुसऱ्या दिवशी आम्हीच पांढरे शर्ट घालून त्याच्या दारात उभे राहिलो असतो आणि ‘देवाची इच्छा’ म्हणालो असतो. बंधुभगिनींनो, ती देवाची इच्छा झाली असती का?

मोशेच्या नियमशास्त्रात एक नियम आहे. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात तो सापडतो. एखाद्याच्या बैलाने माणसाला शिंग मारून ठार केले, तर बैलाला मारावे, मालक निर्दोष. पण बैल मारका आहे हे मालकाला आधीपासून ठाऊक असेल, लोकांनी त्याला बजावले असेल आणि तरीही त्याने बैल बांधून ठेवला नसेल, तर मालकही दोषी. दोन्ही वेळी मरण सारखेच, शिंगही तेच. फरक फक्त एवढाच, की दुसऱ्या वेळी मालकाला माहीत होते. देवाच्या नियमात ‘माहीत होते’ या दोन शब्दांना फार वजन आहे.

आज आपल्या अंगणात बैल नाही, गाडी आहे. पण प्रश्न तोच आहे, आणि आपल्या देशाचा कायदाही तोच प्रश्न विचारतो.

हा कायदा आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला, तर गाडी चालवणे हा गुन्हा आहे. अमली पदार्थांच्या अमलाखाली गाडी चालवणेही याच कलमात येते. पूर्वी पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपयांपर्यंत दंड होता, म्हणून लोक त्याची थट्टा करीत. १ सप्टेंबर २०१९ पासून सुधारित कायद्याने पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. हा दंड रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात उभे राहावे लागते. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. यंत्रात फुंकायला नकार दिला म्हणून सुटका होते असेही नाही. नकार देणाऱ्यालाही अटक होऊ शकते. लायसन्स निलंबित होऊ शकते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीची भरपाई नाकारू शकते. आपली अनेक मुले बोटीवर जातात, आखाती देशांत जातात, परदेशी शिकायला जातात. फौजदारी खटला चालू असेल, तर पासपोर्ट मिळण्यातही अडथळा येऊ शकतो. एका रात्रीची ‘मजा’ एवढ्या दूरवर पोहोचते.

‘दोन पेगने काय होते?’ असे आपण नेहमी ऐकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा मीटरांहून जास्त पुढे जाते. मद्यामुळे ब्रेक दाबायला नुसता अर्धा सेकंद उशीर झाला, तरी गाडी आठ मीटर पुढे निघून गेलेली असते. आपल्या गावातल्या अरुंद रस्त्यावर आठ मीटर म्हणजे एका घराच्या ओट्यापासून शेजारच्या ओट्यापर्यंतचे अंतर. त्या आठ मीटरांत कुणीही असू शकते. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याने तोंड धुणे, याने झोप उडेल, पण रक्तातला मद्यार्क कमी होत नाही. तो काढण्याचे काम यकृत करते आणि त्याला त्याचा वेळ लागतोच; घाई करून ते काम लवकर होत नाही. शिवाय ज्याने प्यायली आहे, त्याला आपण नेहमीपेक्षा चांगली गाडी चालवतो असेच वाटत असते. म्हणून त्याचा निर्णय त्याच्यावर सोडून चालत नाही.

मुंबईत आपल्या अनेकांच्या येण्याजाण्यातली एक जागा आहे, बांद्र्याचा कार्टर रोड. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे तिथे रस्त्याच्या कामावरचे मजूर पदपथावर झोपले होते. भरधाव मोटार त्यांच्या अंगावर गेली. सात जण ठार झाले, आठ जण जखमी झाले. गाडी चालवणारा एकवीस-बावीस वर्षांचा तरुण होता. त्याच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम मद्यार्क आढळला, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या जवळजवळ पावणेचार पट. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाच्या कलमाखाली सहा महिन्यांची शिक्षा दिली. लोकांना ते सहन झाले नाही. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून तीन वर्षांची शिक्षा सुनावली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. न्यायालयाच्या विचाराचा गाभा मोशेच्या बैलाच्या नियमासारखाच होता: पिऊन, भरधाव वेगाने गाडी चालवली तर माणसे मरू शकतात, हे त्याला माहीत होते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्यात निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पूर्वी ही मर्यादा दोन वर्षे होती. आणि मृत्यू होऊ शकतो हे ठाऊक असताना केलेल्या कृत्यासाठी कलम १०५ खाली दहा वर्षांपर्यंत.

आता आईवडिलांसाठी एक शब्द. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील महागड्या मोटारीने मोटारसायकलवरील दोन तरुण अभियंत्यांना उडवले. दोघेही गेले. त्याला जामीन देताना रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा सारा देश संतापला. पण त्या संतापात एक गोष्ट आपल्या ध्यानात आली का? २०१९ च्या सुधारणेने कलम १९९-अ आणले आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. दहावी पास झाला म्हणून बक्षीस दिलेली स्कूटर आपल्या किती ओट्यांसमोर उभी आहे, हे मोजायला फार लांब जावे लागणार नाही.

आणि शेवटचे कलम, जे आम्हांला फार अस्वस्थ करते. कलम १८८ सांगते, की दारू पिऊन गाडी चालवण्याला जो चिथावणी देतो वा मदत करतो, त्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. त्या रात्री खाली पडलेली किल्ली उचलून देणारा हात आम्हांला आठवतो. आमचा हात नव्हता तो, पण आमचे हसणे त्याच्या शेजारीच होते. काइनाने देवाला उलट विचारले होते, की मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? त्या प्रश्नाचे उत्तर पवित्र शास्त्राच्या पानापानावर आहे: होय, आहेस. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात देव सांगतो, की नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा घाल, म्हणजे कुणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. जो मांडव घालतो, त्याने कठडाही घालायचा असतो. पाहुण्याला पाजणे एवढ्यावर यजमानाचे काम संपत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद २२९० सांगतो, की दारूच्या नशेने किंवा वेगाच्या हौसेने जे स्वतःची व इतरांची सुरक्षितता धोक्यात आणतात, ते गंभीर दोषाचे धनी होतात. धोक्यात आणणे एवढेच पुरे आहे. कुणी मरण्याची वाट पाहावी लागत नाही. जून २००७ मध्ये व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या, त्यांतली पहिली आज्ञा आहे: खून करू नको. तरीही आपण पापनिवेदनाला जातो, तेव्हा शिव्या सांगतो, भांडण सांगतो, चुकलेली मिस्सा सांगतो. ‘फादर, मी पिऊन गाडी चालवली,’ असे आपल्यापैकी कितीजण सांगतात? पकडले गेलो नाही म्हणून ते पाप नव्हते, असे आपण धरून चाललो आहोत.

मग काय करावे? फार मोठे काही नाही.

लग्नघरी पत्रिका वाटताना, मांडव ठरवताना, आचारी ठरवताना आणखी एक गोष्ट ठरवावी: रात्री पाहुण्यांना घरी कोण सोडणार. दोन रिक्षा रात्रभर सांगून ठेवल्या, तर बॅण्डच्या खर्चापुढे तो खर्च काहीच नाही. मित्रांच्या टोळीने निघण्यापूर्वीच ठरवावे, की आज कोण पिणार नाही. आणि त्याची थट्टा न करता त्याचे आभार मानावेत. किल्ली मागायची वेळ आली तर ती थोरल्यांनी मागावी. मामा, काका, आजोबा यांचा शब्द आपल्याकडे अजून मोडला जात नाही. राग येईल, दोन शब्द ऐकावे लागतील. सकाळी तोच पोरगा डोके धरून दाराशी येईल आणि किल्ली मागेल. मागायला जिवंत येईल, हे महत्त्वाचे. आणि ज्याला रोज प्यावी लागते, त्याला दंडाची भीती पुरणार नाही. त्याला उपचाराची आणि आपल्या सोबतीची गरज आहे. त्याच्या घरच्यांनी लाज सोडून आपल्या धर्मगुरूंशी किंवा डॉक्टरांशी बोलावे.

शुभवर्तमानात येरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या रस्त्यावर एक माणूस अर्धमेला पडला होता. याजक व लेवी बघून पुढे गेले. शोमरोनी थांबला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, मग त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि खर्च स्वतःच्या पदरचा केला. बघा, द्राक्षारस त्याच्याही जवळ होता आणि तोही रस्त्यावरच होता. त्याच्या हातून त्याच द्राक्षारसाने जखम भरून आली. मांडवाच्या तोंडाशी झोकांड्या खाणारा आपला भाऊही वाटेवर पडलेलाच आहे, फक्त त्याला अजून जखम झालेली नाही. त्याला बघून हसत पुढे जाणारे आपण कोण, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. शोमरोन्याने जे केले, ते आपणही करू शकतो: त्याला आपल्या गाडीवर बसवावे आणि घरी पोहोचवावे.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, कानाच्या लग्नात तू आनंद दिलास. आमचा आनंद कुणाच्या घरचे दुःख होऊ देऊ नकोस. रस्त्यावर ज्यांनी आपली माणसे गमावली, त्यांना धीर दे. ज्यांच्या हातून जीव गेले, त्यांना खरा पश्चात्ताप दे. आणि आम्हांला हात पुढे करून किल्ली मागण्याचे धैर्य दे. पवित्र मरिये, माते, वाटेवरच्या आमच्या सर्व मुलांना सांभाळ. आमेन.