चेले की वाटसोबती?



इंग्रजी वर्तमानपत्रांत राजकारणाच्या बातम्या वाचताना 'अ‍ॅकोलाइट' हा शब्द अधूनमधून भेटतो. पुढाऱ्याच्या मागेपुढे करणारा, त्याच्या होला हो म्हणणारा माणूस, असा तिथे त्याचा अर्थ. आपण मराठीत अशा मंडळींना 'चेलेचपाटे' म्हणतो. पण ख्रिस्तसभेत हाच शब्द वेदीजवळ मेणबत्ती धरणाऱ्या, धर्मगुरूंना पाणी व द्राक्षारस देणाऱ्या सेवकासाठी वापरतात. एकाच शब्दाचे असे दोन चेहरे कसे झाले?

मूळ शब्द ग्रीक आहे: 'अकोलुथोस'. त्याचा अर्थ एकाच वाटेने चालणारा, वाटसोबती. इ.स. २५१ च्या सुमारास पोप संत कर्नेलियस यांनी अंत्युखियाच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात रोमच्या ख्रिस्तसभेतील सेवकांची मोजदाद दिली आहे. त्यात ४६ धर्मगुरू आणि ४२ अ‍ॅकोलाइट आहेत. त्याच पत्रात, ही ख्रिस्तसभा पंधराशेहून अधिक विधवांना व गरजूंना सांभाळत होती, असेही म्हटले आहे. पुढे इ.स. ४१६ मधील पोप पहिले इनोसंट यांच्या पत्रात आढळते की, पोपमहोदयांच्या मिस्सातील पवित्र भाकरीचा अंश हे सेवक शहरातील इतर मंदिरांत पोहोचवीत असत. म्हणजे अ‍ॅकोलाइट हा नुसता मागे उभा राहणारा नव्हता. त्याच्या हातात काहीतरी पवित्र होते आणि ते त्याला दुसऱ्यापर्यंत न्यायचे होते.

कालांतराने हे पद धर्मगुरू होण्याच्या मार्गावरची एक पायरी बनले. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी ते प्रापंचिक पुरुषांसाठी खुले केले आणि १० जानेवारी २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांसाठीही. वाट पुन्हा रुंद झाली.

शुभवर्तमानातही 'मागे चालणे' यासाठी याच शब्दाचे क्रियापद येते. संत मार्कने ते दोन ठिकाणी कसे वापरले आहे ते पाहा. यरीहोच्या रस्त्यावर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी बसला होता. प्रभूने त्याला दृष्टी दिली आणि तो प्रभूच्या मागे वाटेने चालू लागला. आधी डोळे उघडले, मग पाऊल पडले. दुसरा प्रसंग प्रभूला अटक झाल्यावरचा. पेत्र त्याच्या मागे गेला खरा, पण दुरून. प्रमुख याजकाच्या वाड्यात तो शेकोटीजवळ शेकत बसला आणि थोड्याच वेळात प्रभूला ओळखत नाही म्हणाला. शब्द एकच, पण एकाचे अनुसरण डोळस आणि दुसऱ्याचे अंतर राखून.

डेन्मार्कचे ख्रिस्ती तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्ड यांनी १८५० मध्ये हाच भेद मांडला. प्रभूला अनुयायी हवे आहेत, प्रशंसक नव्हेत, असे त्यांचे म्हणणे. प्रशंसक टाळ्या वाजवतो व सुरक्षित राहतो. अनुयायी ज्याला मानतो, त्याच्यासारखा होऊ पाहतो आणि त्याची किंमत मोजतो.

आपल्या ठाण्यात ती किंमत मोजली गेली आहे. एप्रिल १३२१ मध्ये टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमेत्रियस या चौघा फ्रान्सिस्कनांनी इथेच प्राण दिले. दिमेत्रियस धर्मगुरू नव्हते. ते ब्रदर होते आणि दुभाष्याचे काम करीत. दुसऱ्याचे शब्द पोहोचवणे ही त्यांची सेवा. वेळ आली तेव्हा ते दुरून शेकत बसले नाहीत.

हे सारे आज का सांगायचे? कारण चेला होणे सोपे आहे. सकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत शिरलो की पाय उचलावेच लागत नाहीत, मागचे लोकच आपल्याला पुढे नेतात. मोबाईलवर आलेला मजकूर न वाचता पुढे पाठवताना, पुढाऱ्याचा शब्द न तपासता मान डोलावताना आपले तसेच होते. आणि धर्मग्रामातही होते. एक गट या फादरांचा, एक त्या फादरांचा. आवडते फादर बदलून गेले की काही जणांचे मिस्साला येणेच थांबते. करिंथमध्येही कोणी स्वतःला पौलाचा म्हणवीत होते, कोणी अपुल्लोसाचा. पौलाने त्यांना खडसावून विचारले की, तुमच्यासाठी क्रुसावर पौल गेला होता काय? आम्हा धर्मगुरूंना तुम्ही मान देता, प्रेम देता, त्याबद्दल देवाचे आभार. पण आमचे चेले होऊ नका. आम्हीही त्याच वाटेवरचे वाटसरू आहोत.

कोणाच्या मागे जायचे, असा प्रश्न पडला तर स्वतःला दोन गोष्टी विचारा. या माणसाच्या मागे चालताना माझे डोळे उघडतात की मिटतात? आणि माझ्या हातून कोणा गरजूपर्यंत काही पोहोचते का? रोमच्या त्या ४२ जणांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांनी जे वाहून नेले, ते मात्र आज आपल्या वेदीपर्यंत आले आहे.

प्रभू आपणा सर्वांना डोळस पावले देवो.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू