इतकी थकले, की…

सैल बसा. श्वास आपल्या गतीने चालू द्या. स्पॅनिशमधलं एकच विशेषण आज सोबत घेऊ: 'कान्सादा', थकलेली. पुरुष बोलत असेल तर 'कान्सादो'. तुमचा थकवा आत्ता कुठे आहे? खांद्यांत? डोळ्यांत? नुसता पाहा.

आता हळू म्हणा: 'एस्ताबा तान कान्सादा के मे दोर्मी.' इतकी थकले होते, की झोपच लागली. 'तान' थकव्यावर जोर देतो, 'के' त्याला परिणामापाशी नेतो. थकवा किती, याचा आकडा कुठेच नाही. झोप लागली, हेच त्याचं माप. तुमचा आजचा थकवा कशावरून कळला? राहून गेलेल्या कामावरून, की चढलेल्या आवाजावरून? उत्तर ओढून आणू नका.

पुढचं वाक्य: 'दे तान कान्सादा के एस्ताबा, मे दोर्मी.' घडलं तेच. पण सुरुवातीच्या 'दे'मुळे थकवा कारण होऊन आधी समोर येतो. परिणामाकडे धावणाऱ्या मनालाही या कारणापाशी दोन श्वास थांबवा.

मग: 'कोन लो कान्सादा के एस्ताबा, नो मे दोर्मी.' एवढी थकलेली असूनही झोपले नाही. बोलणारी बाई असो वा पुरुष, 'लो' बदलत नाही; बदलतं ते विशेषण. थकवा तेवढाच होता, तरी व्हायचं ते झालं नाही. हे वाक्य पुन्हा एकदा म्हणा.

आता नकार: 'नो एस्तोय तान कान्सादा के नो पुएदा आंदार.' चालता येऊ नये इतकी काही मी थकलेली नाही. एरवी 'पुएदो' आलं असतं; इथे परिणामच नाकारलाय, म्हणून क्रियापद 'पुएदा' हे रूप घेतं, न घडलेल्या, केवळ मनातल्या गोष्टीचं. तुमच्या धास्तीतलं किती घडलंय आणि किती अजून 'पुएदा'च आहे?

कधी बोलणारी 'एस्तोय तान कान्सादा…' म्हणते आणि स्वर अधांतरी सोडते. पुढचं ऐकणाऱ्याला कळतं. थकव्याला प्रत्येक वेळी पुरावा जोडावा लागत नाही.

आता थकव्याच्या जागी तुमचं आजचं काही ठेवा: राग, ओढ, कंटाळा. आधी 'इतका राग आला, की…' असं म्हणून पाहा. मग 'एवढा राग येऊनही…' दुसरं वाक्य पुरं व्हायला वेळ लागेल. लागू द्या.