कुणाच्या हातचं?

विहिरीत पावाचा तुकडा टाकला, गावानं नकळत ते पाणी प्यायलं आणि अख्खं गाव बाटलं. वसईपासून गोव्यापर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता तिथे ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. वसईत तो अंमल १५३४ ते १७३९ असा दोन शतकांहून जास्त टिकला. गोष्टीत इतिहास किती, हा वेगळा वाद. अस्वस्थ करतो तो तिच्यातला निवाडा. तुकडा परक्यानं टाकला, पण ‘तुम्ही आता आमचे नाही’ हे सांगितलं सोयऱ्याधायऱ्यांनी. देव तोच, मनातली भक्ती तीच, आणि तरी एका घोटात धर्म गेला!

आज त्याच वसईत पावाच्या लादीसाठी सगळ्या धर्मांची माणसं बेकरीसमोर उभी असतात. २०११च्या जनगणनेतच वसई-विरार बारा लाखांवर गेलं होतं. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इथे आलेलं कुटुंब आधी आपल्या चवीचं दुकान हुडकतं. कोकणातला माणूस मालवणी खानावळ, गुजराती फरसाणाचं दुकान. मग कुणीतरी आगाशीला भुजिंग खायला नेतं. निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, तिच्यात मसाला, पोहे आणि बटाटा. कार्तिकात निर्मळच्या जत्रेत राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी मिळतात. नाताळात ख्रिस्ती शेजारणीकडून फुगे आणि इंद्यालाचा डबा येतो. तो डबा हातात आला, की जुना प्रश्न पुन्हा समोर येतो.

खरं तर ते दोन प्रश्न आहेत. काय खायचं, हा एक. कांदा-लसूण वर्ज्य करणारा जैन, हलालच खाणारा मुसलमान, श्रावण पाळणारा हिंदू, ईस्टरआधीच्या उपवासकाळात मांस सोडणारा कॅथलिक, हे सगळे स्वतःला बंधन घालून घेतात. त्यांच्या व्रताचा मान राखलाच पाहिजे. कुणाच्या हातचं खायचं, हा दुसरा. इथे बंधनाचा भार समोरच्यावर पडतो. त्याचा हातच अपवित्र ठरतो.

छांदोग्य उपनिषदात उषस्ती चाक्रायणाची कथा आहे. कुरुदेशात पीक बुडालेलं, हा ऋषी उपाशी. उडीद-कुळथासारखं काहीतरी भरड धान्य खात बसलेल्या एका हत्तीवाल्याकडे तो मागतो आणि त्याचं उष्टं खातो. पाणी मात्र नाकारतो: हे खाल्लं नसतं तर जगलो नसतो, पाणी कुठेही मिळेल. शास्त्रकारांनी हा आपद्धर्म मानला. पण कथा तिथे थांबत नाही. दुसऱ्या दिवशी उरलेलं शिळं खाऊन तो राजाच्या यज्ञात जातो, आणि तिथल्या ऋत्विजांना त्यांच्याच स्तोत्रांच्या देवता समजावून सांगतो. त्यातली एक देवता आहे अन्न. हत्तीवाल्याच्या उष्ट्यानं त्याचा अधिकार तसूभरही कमी झाला नाही.

ख्रिस्ती परंपराही यातून सुटलेली नाही. अंत्युखियात संत पेत्र बिगरयहुदी बांधवांच्या पंगतीला बसत असे. यरुशलेमहून माणसं आली तेव्हा घाबरून उठला, आणि संत पौलानं त्याला सर्वांदेखत फटकारलं. आपल्याकडे १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहानं केवढं ग्रामण्य माजवलं! गोपाळराव जोशींनी चहा घेणाऱ्यांची नावं जाहीर केली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळक आणि रानडे या दोघांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. कपभर चहापुढे एवढी मोठी माणसं नमली, यावरून त्या रूढीचं बळ कळतं.

साठ वर्षांनी राज्यघटना आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं आणि उपाहारगृहांचा नाव घेऊन उल्लेख आहे: धर्म, जात किंवा जन्मस्थानावरून तिथे कुणाला अडवता येणार नाही. घटनाकारांना रोग कुठे आहे हे नेमकं ठाऊक होतं.

त्या अनुच्छेदात घराचा उल्लेख मात्र नाही. म्हणून आजही एखाद्या कुटुंबाला शहरातल्या कुठल्याही हॉटेलात जेवता येतं, आणि फ्लॅट बघायला गेल्यावर ‘तुमच्याकडे मासे शिजतात का?’ असं विचारून परत पाठवलं जातं. तैत्तिरीय उपनिषद अन्न आणि निवारा एकाच ठिकाणी सांगतं: वस्तीला आलेल्या कुणालाही परत पाठवू नये, आणि त्यासाठीच भरपूर अन्न मिळवावं. धर्माचं नाव घेऊन दार लावणाऱ्यांनी निदान हा अनुवाक उघडून वाचावा, आणि मग त्या कुटुंबाला काय ते उत्तर द्यावं.